तिसरीतलं पोर वाचताना अडखळतं, तेव्हा मी आधी काय बघतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा तिसरीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत, वर्गात ३२ मुलं. तोंडी सगळं येतं, गोष्टी रंगवून सांगतो, पण पुस्तक हातात दिलं की अडखळतो. बेरीज जमते, वजाबाकी चुकते. बाई म्हणतात लक्ष नाही, आजी म्हणते घराण्यातच अभ्यास नाही, शेजारी म्हणतात इंग्रजी शाळेत टाका. प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या शिकण्यावर नेमका कशाकशाचा परिणाम होतो, आणि आम्ही काय करावं?

डी.एड.ला आम्हाला हा प्रश्न दहा मार्कांना यायचा. 'अध्ययनावर परिणाम करणारे घटक सविस्तर लिहा.' परिपक्वता, अभिप्रेरणा, अवधान, आनुवंशिकता, परिसर, शिक्षकाचं व्यक्तिमत्त्व. ओळीने लिहायचे आणि प्रत्येकाखाली चार-चार वाक्यं. मला दहापैकी आठ पडले होते. नंतर अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका दोन शिक्षकी शाळेवर रुजू झालो आणि त्या यादीतला एकही घटक मला सोमवारी सकाळी पहिल्या तासाला काय करायचं ते सांगेना.

यादी खोटी नाही. पण तिचा उपयोग बहुतेक वेळा अंग काढून घ्यायला होतो. 'घरचं वातावरण' म्हटलं की शिक्षक सुटला, 'बाई नीट शिकवत नाहीत' म्हटलं की घर सुटलं, आणि 'घराण्यातच नाही' म्हटलं की सगळेच सुटले. तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी हळूहळू उलट्या बाजूने जायला शिकलो. मूल कोणत्या पायरीवर अडलंय ते आधी शोधायचं, कारण मग बघायचं. पायरी सापडली की कारण बऱ्याचदा फार साधं निघतं.

म्हणून शाळा बदलायच्या आधी आज रात्री एवढं करा. दुसरीच्या पुस्तकातला, नाहीतर गोष्टीच्या पुस्तकातला, त्याने पूर्वी न वाचलेला एक उतारा घ्या. ओळखीचा धडा देऊ नका. पोरं धडा पाठ म्हणतात, बोट ओळीवरून झकास फिरवतात आणि आपण खूश होतो. शंका आली तर मधलाच एखादा शब्द बोटाने दाखवून विचारा, लगेच कळतं. गोष्ट जमली नाही तर चार ओळींचा सोपा परिच्छेद द्या, तोही नाही जमला तर सुटे शब्द, तेही नाही तर सुटी अक्षरं. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणातला कागद साधारण असाच असतो आणि तो २००५ पासून देशभर गावोगाव वापरला जातोय. त्यात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के. म्हणजे तुमचा मुलगा जगावेगळा नाही. हे समाधान मानून घ्यायला सांगत नाही, घाबरून निर्णय घेऊ नये म्हणून सांगतो.

वाचताना मध्ये टोकू नका. शेजारी कागद ठेवा आणि अडखळला तो शब्द जसाच्या तसा उतरून घ्या. 'चुकलं' एवढं पुरत नाही, काय वाचलं ते हवं.

एक मुलगी आठवते. तिसरीतलीच. तिने वाचलं, "सू... सूयर... उगवला." पुढे 'दुसऱ्या' या शब्दावर थांबली, 'कार्यक्रम' तर सोडूनच दिला. बाकी वाक्यं मात्र बऱ्यापैकी ओढली. कागद बघितला तर बारा अडखळण्यांपैकी नऊ एकट्या 'र'च्या. आपण मोठी माणसं विसरून जातो की मराठीत 'र' जोडाक्षरात गेला की रूप बदलतो: 'चक्र'मध्ये खाली तिरकी रेघ, 'राष्ट्र'मध्ये खाली टोपीसारखं काकपद, 'सूर्य'मध्ये डोक्यावर रफार, 'दुसऱ्या'मध्ये मधला आखूड तुकडा. त्यातही रफार फसवा. तो दिसतो 'य'च्या डोक्यावर आणि बोलायचा मात्र 'य'च्या आधी. ऱ्हस्व वेलांटीचं उलटं: 'कि'मध्ये ती आधी दिसते, उच्चारात नंतर येते. डोळा डावीकडून उजवीकडे चाललाय आणि जीभ मागे-पुढे उड्या मारतेय. ज्याला हे कुणी उलगडून दाखवलं नाही, ते पोर अंदाजाने वाचतं, आणि अंदाज चुकला की मास्तर म्हणतो लक्ष नाही.

तिच्यासाठी तीन आठवडे रोज दहा मिनिटं फक्त 'र'चं कुटुंब घेतलं. शब्द गावातलेच: ट्रक, ट्रॅक्टर, ड्रम, दर्गा, सर्प, वर्गणी, दोऱ्या, उसाच्या सऱ्या, बिऱ्हाड. ट्रॉलीच्या मागे रंगवलेली नावं ती येता-जाता वाचायला लागली. तिला बाकी कसलीच अडचण नव्हती. 'बौद्धिक पातळी कमी' असा शेरा मात्र आदल्या वर्षीच्या नोंदवहीत होता.

'च' आणि 'ज'चीही गंमत आहे. 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' लिहायला एकच, बोलायला दोन. ज्याच्या घरी मराठी आहे तो शब्द ओळखून आपोआप उच्चार बदलतो. ज्याच्या घरी नाही, तो कसा बदलणार?

आणखी एक. अक्षर-अक्षर जोडत वाचणाऱ्या मुलाला वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात आठवत नाही. मग 'वाचता येतं पण समजत नाही' अशी तक्रार येते. समजण्याची शक्ती असते, ती सगळी अक्षरं जोडण्यात खर्च झालेली असते. म्हणून वेगाला महत्त्व. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' मोहिमेने तिसरीच्या अखेरीला मिनिटाला किमान साठ शब्द, तेही समजून, असं लक्ष्य ठेवलंय. माझं मत विचाराल तर मराठीत हे माप जरा सैल हातानेच लावावं. 'शेतकऱ्यांच्यासाठी' हा आपल्याकडे एकच शब्द मोजला जातो. पण रोज थोडं मोठ्याने वाचल्याशिवाय वेग येत नाही, यात वाद नाही.

आता शरीराचं. हे मी पहिल्या पंधरा वर्षांत फार दुर्लक्षिलं, आणि त्यातली एक गोष्ट अजून टोचते.

चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. काही विचारलं की खाली मान. मीच त्याला मागच्या भिंतीजवळ बसवलं होतं, पुढची जागा 'शिकणाऱ्या' मुलांना. आमच्याकडे अशा पोराला 'ढ' म्हणतात. ब्राह्मी लिपीपासून आजवर बाकीची अक्षरं बदलली, 'ढ'चं वळण तेवढं फारसं बदललं नाही, म्हणून न सुधारणारा तो 'ढ', असं आम्हीच शिक्षक खोलीत हसत सांगायचो. त्या मुलाची वही मात्र नीटनेटकी असायची. एके दिवशी त्याच्या शेजारचा गैरहजर होता आणि याची वही कोरी. दुसऱ्या दिवशीही कोरी. तिसऱ्या दिवशी शेजारी आला आणि वही भरली. शेजाऱ्याने 'पाऊस'चा 'पाउस' केला होता, यानेही तसाच केला होता. फळा त्याला दिसतच नव्हता. मी त्याला दाराशी उभं केलं आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख विचारली, तर तो म्हणाला, "गुरुजी, कॅलेंडर कुठंय?"

तपासणीत दोन्ही डोळ्यांना उणे तीनच्या पुढचा नंबर निघाला. चष्मा आला. पण चष्मा लावला आणि पोर धडाधड वाचायला लागलं, असं मात्र झालं नाही. फळा दिसायला लागला. तीन वर्षांत जे निसटलं होतं ते निसटलेलंच होतं. ते भरायला पाचवी उजाडली, आणि तेही दुसऱ्या एका बाईंनी भरलं.

तेव्हापासून दर जूनमध्ये मी प्रत्येक मुलाला फळ्यापासून वर्गाच्या शेवटच्या रांगेइतक्या अंतरावर उभं करून एकेक डोळा झाकून अक्षरं वाचायला लावायचो. अक्षर न येणाऱ्याला चित्रं. कानासाठी पाठीमागे दहा पावलांवर उभं राहून हळू आवाजात नाव घ्यायचं. पावसाळ्यात विहिरीत पोहणाऱ्या पोरांचे कान वाहतात, महिना-महिना वाहतात, आणि घरी त्याचं कुणाला काही वाटत नाही. कानात दडा बसलेल्या मुलाला 'त' आणि 'थ', 'ब' आणि 'भ' सारखेच ऐकू येतात, मग तो तसेच लिहितो. ही काही डॉक्टरी तपासणी नव्हे, संशयित शोधायची चाळणी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवशी मुलगा घरी राहू देऊ नका, आणि पथकाच्या डॉक्टरांना आपली शंका तोंडाने सांगा. नुसतं रांगेत उभं केलं तर वजन-उंची होऊन पोर परत येतं.

पोटाचं सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही कुणी विचारत नाही. शाळेत दुपारी खिचडी मिळते. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं तिचं प्रमाण ठरलेलं आहे. पण ती दुपारची. सकाळी किती मुलं नुसता चहा आणि बिस्कीट खाऊन येतात ते एकदा हात वर करून विचारलं होतं, अर्ध्याहून जास्त हात वर गेले. जी मुलं पहिल्या दोन तासांत जांभया देत होती, त्यांची नावं आणि ते हात मी ताडून बघितले, बरेचसे जुळले. जंताची गोळी आणि आठवड्याची लोहाची गुलाबी गोळी ही नुसता सरकारी सोपस्कार म्हणून गिळायची नसते. रक्त कमी असलेलं मूल आळशी दिसतं. झोपेचंही तेच. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय राज्याने २०२४ मध्ये घेतला तो झोपेसाठीच. घरातला टीव्ही रात्री अकरापर्यंत चालू असेल तर मात्र नऊची शाळाही लवकरच पडते.

भाषेबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण तिथे मी सगळ्यात जास्त चुकलोय.

त्या हद्दीवरच्या गावात रुजू झालो त्या आठवड्यात पहिलीच्या एका मुलाला विचारलं, "तुझं घर कुठं आहे रे?" तो म्हणाला, "गोत्तिल्ल." मला वाटलं वस्तीचं नाव. हजेरीच्या मागच्या पानावर मी ते लिहूनही ठेवलं. दुसऱ्या मुलाला बापाचं नाव विचारलं, तोही "गोत्तिल्ल". तेव्हा चौथीची पोरं हसायला लागली. कन्नडमध्ये 'गोत्तिल्ल' म्हणजे 'माहीत नाही'. त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. घराला ती 'मने' म्हणत होती, पाण्याला 'नीरु', आणि मी फळ्यावर 'घ'ला 'र' लावून 'घर' काढून 'वाचा' म्हणून ओरडत होतो. अक्षर नवं, शब्द नवा, त्याचा अर्थही नवा. एका वेळी तीन ओझी. त्या पोरांची वह्यांमधली कामगिरी बघून कुणीही 'अप्रगत' लिहिलं असतं. मीही लिहिलं होतं.

मग चौथीच्या दोन मुलींना मी दुभाषी नेमलं. त्यांच्या मदतीने दोनेकशे शब्दांची वही केली. गोष्ट आधी कन्नडमध्ये त्या सांगायच्या, मग मी मराठीत. दिवाळीपर्यंत पहिलीची पोरं माझ्याशी भांडायला लागली, तेही मराठीत. भांडण हे माझ्या मते भाषा आल्याचं सगळ्यात भरवशाचं लक्षण. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारला पावरी, तांड्यावर बंजारा. महाराष्ट्रात अशी परिस्थिती असलेल्या शाळा थोड्याथोडक्या नाहीत. घरात दोन भाषा असल्याने मूल गोंधळतं ही समजूत काढून टाका. गोंधळतं ते शाळेने त्यातली एक भाषा नसल्यासारखी वागवली तर.

तुमच्या घरी मराठीच असेल, तरी हे लागू पडतं. 'पानी', 'न्हाई', 'म्या गेलो' बोलणाऱ्या पोराला दिवसातून दहा वेळा 'पाणी म्हण, पाणी' केलं की ते पाणी मागायचंच बंद होतं. तुमचा मुलगा गोष्टी रंगवून सांगतो असं तुम्ही लिहिलंत. ही मोठी जमेची बाजू आहे. त्याने सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत तुम्ही लिहून काढा आणि त्याला वाचायला द्या. स्वतःचेच शब्द असल्याने अर्थ आधीच ठाऊक, फक्त अक्षरं ओळखायची उरतात.

आता गणित. आपल्या मराठी संख्यानामांनी मुलांचा केवढा घाम काढलाय. 'तेवीस' ऐकलं की आधी तीन ऐकू येतात, मग वीस. लिहायचे मात्र आधी दोन. म्हणून 'त्रेसष्ट' सांगितलं की पोर ३६ लिहितं. 'एकोणसाठ' तर आणखी पुढचं: साठाला एक कमी. ऐकू येतो साठ, शेवटी नऊ असतं एवढं आठवतं, आणि पोर ६९ लिहून मोकळं. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा 'एकोण' चालतो आणि नव्व्याण्णवला अचानक दगा देतो. सोलापुरात तेलुगू घरांतली मुलं 'इरवै मूडु' म्हणतात, वीस-तीन. कन्नडमध्ये 'इप्पत्तमूरु', तेही वीस-तीन. ही मुलं घरच्या भाषेत अचूक आणि शाळेत चूक, असं मी डोळ्यांनी बघितलंय. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन' अशी वाचनाची सोय दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला. विधानसभेपर्यंत गेलं. गणित पाठ्यपुस्तक समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर परोपरीने समजावून सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, ही जोडीला दिलेली पायरी आहे. टिंगल करणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीच्या वर्गात अठ्ठेचाळीस आणि चौऱ्याऐंशी यांचं श्रुतलेखन घेतलं होतं, कोण जाणे.

तुमच्या मुलाची वजाबाकी कुठे चुकते तेही असंच बघा. त्याला ४२ वजा १७ द्या. उत्तर ३५ आलं तर तो प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतोय. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. म्हणजे वजाबाकी येते, दशक सुटा करणं येत नाही. अशा मुलाला पन्नास गणितं घालू नका, तो पन्नास वेळा तीच चूक पक्की करेल. काडेपेटीच्या काड्या किंवा ज्वारीच्या ताटाचे तुकडे घ्या, दहा-दहाचे गठ्ठे बांधा. चार गठ्ठे, दोन सुट्या. सतरा द्यायच्यात. सुट्या पुरत नाहीत, तर गठ्ठा सोडावाच लागतो, आणि तो त्याने स्वतःच्या हाताने सोडायचा. मी एका दिवसात उमजलेली मुलं बघितलीत आणि दोन महिने लागलेलीही.

इथे एक गोष्ट विचारतो. दुसरीत असताना तो सलग आठ-पंधरा दिवस गैरहजर होता का? ताप, लग्न, मामाच्या गावची जत्रा, काहीही. हातच्याची वजाबाकी एखाद्या पंधरवड्यात होऊन जाते आणि वर्ग पुढे सरकतो. तेवढे दिवस चुकले की पुढचं सगळं त्याच भोकातून गळत राहतं, आणि तोवर त्या तापाची आठवण कुणालाच नसते.

याचं मोठं रूप मी कारखान्याजवळच्या शाळेत बघितलं. नोव्हेंबर लागला की बीडकडची ऊसतोड कुटुंबं तळावर कोप्या, म्हणजे झोपड्या, टाकतात. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास शाळा चालली पाहिजे. ही मुलं दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलात परततात. अर्धं वर्ष इथेच गेलं. तळावर आईबाप पहाटे तोडीला जातात, आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळते. आम्ही तिला म्हटलं, भावाला घेऊनच शाळेत ये. वर्गात दीड वर्षाचं पोर रांगत असायचं, साहेबांना ते आवडलं नाही. पण ती मुलगी आली. तळहातावर मोजून दहा-बारा मुलं अशी टिकली, बाकीची नाही टिकली. डहाणूजवळच्या कोसबाडला अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावरच शाळा नेली होती. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेल्या कामातून ते उगवलं. पोर शाळेत येत नसेल तर शाळेने किती पावलं चालायची, हा प्रश्न तेव्हापासून आहे तिथेच आहे.

शिक्षकाबद्दल तुम्ही विचारायला कचरलात असं वाटतं, मीच बोलतो. वर्गात ३२ मुलं म्हणजे कायद्यातल्या तीसाला एकच्या जवळपास, ते फार वाईट नाही. खरा फरक बाई पुस्तकाला धरून शिकवतात की मुलाला धरून, याने पडतो. तिसरीच्या वर्गात पहिलीच्या पायरीवरची मुलं असतात, चौथीच्या पायरीवरचीही असतात. सगळ्यांना एकच धडा म्हणजे काहींना झोप आणि काहींना चक्कर. मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ ते २००३ दरम्यान 'प्रथम'ने वस्तीतल्याच बारावी-बिरावी झालेल्या मुलींना 'बालसखी' म्हणून नेमलं. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना त्या रोज दोन तास वेगळं बसवून पायाचं वाचन-गणित घ्यायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी त्याचा नीट अभ्यास केला. मुलांची प्रगती दिसून आली, आणि सर्वात मागे असलेल्यांची जास्त. त्या बालसख्यांकडे ना डी.एड. होतं ना मोठा पगार. त्या मुलाच्या पायरीवर जाऊन बसत होत्या, एवढंच. दोन शिक्षकी शाळेत आम्ही हेच नाइलाजाने करायचो, दुसरी-तिसरी-चौथी एकत्र आणि गट पायरीप्रमाणे. साहेबांना वाटायचं हाल आहेत. काही दिवस खरोखर हाल असायचेच, विशेषतः निवडणुकीची कामं, मतदारयाद्या आणि ऑनलाइन माहिती भरणं एकदम आलं की. त्या आठवड्यात गटबिट काही नसायचं, सांभाळणं असायचं.

तुमच्या बाईंना भेटायला जाल तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका, तो कागद घेऊन जा. "बाई, हा रफार आला की अडतो आणि वजाबाकीत दशक सोडत नाही" असं सांगणारा पालक मला नोकरीभरात दोन-तीनदाच भेटला असेल. अशा पालकाचं काम आपण हातातलं सोडून करतो.

बाजारातल्या हिशोबाचंही सांगून टाकतो. आठवडी बाजारात आईजवळ लिंबं विकणारा माझा एक विद्यार्थी, 'सात रुपयाला दोन, तर चौदा लिंबांचे किती' याचं उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत द्यायचा, आणि वर्गात ७ गुणिले ७ फळ्यावर मांडलं की गप्प. कोलकाता-दिल्लीच्या बाजारातल्या मुलांवरचा बॅनर्जी-डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही हेच निघालं: बाजारात पक्की मुलं शाळेच्या गणितात अडतात, आणि शाळेतल्या हुशार मुलांना बाजारचा हिशोब जमत नाही. दोघांमध्ये पूल आपोआप बांधला जात नाही. तो मोठ्या माणसाने बांधायचा असतो, तोंडी केलेला हिशोब लगेच वहीत मांडून दाखवून.

घराबद्दल. आईबाप शिकलेले असले तर सोपं जातं, हे खरंच आहे. पण सोलापुरातल्या एका वस्तीत विड्या वळणारी एक आई होती, अक्षरओळख नाही. हजार विड्यांचा हिशोब मात्र बोटांवर. ती रोज संध्याकाळी सुपात पानं घेऊन बसायची आणि मुलीला समोर बसवून मोठ्याने वाचायला लावायची. मुलगी चुकली की ही म्हणायची, "असं कसं असंल? परत वाच." मी विचारलं, तुम्हाला चूक कशी कळते? "वाक्य जमत नाही ना गुरुजी." अर्थ लागत नाही तिथे थांबायचं, ही वाचनातली सगळ्यात मोलाची सवय त्या मुलीला एका निरक्षर बाईने लावली. तुम्ही आजींनाच या कामाला बसवा. 'घराण्यात अभ्यास नाही' म्हणणाऱ्या तोंडाला नातवाचं वाचन ऐकायचं काम लागलं, तर दोन्ही प्रश्न एकदम सुटतील.

राहिलेलं भरभर सांगतो. इंग्रजी माध्यम: ज्या भाषेत तो गोष्टी रंगवतो तिच्यात वाचायला अडतोय, तर ज्या भाषेत त्याला भांडताही येत नाही तिच्यात एकदम कसा वाचेल? इंग्रजी शिकवाच, पण अडलेली पायरी ओलांडल्यावर, आणि आत्ता तरी एक विषय म्हणून. शिकवणी: तिथे शाळेचाच गृहपाठ पूर्ण करून घेणार असतील तर पैसे वाचवा. मोबाईल: तासांपेक्षा वेळ बघा, झोपेच्या आधीचा तास पूर्ण बंद. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि कल सांगणारे लोक शहरांतून फिरतात, तीन-चार हजार घेतात. त्याला काडीचाही शास्त्रीय आधार नाही, दारातूनच परत पाठवा.

आनुवंशिकतेचा एक भाग मात्र खरा आहे. काही मुलांना डोळे, कान, हजेरी, शिकवणं सगळं ठीक असूनही वाचन-लेखन विलक्षण जड जातं. याला अध्ययन अक्षमता म्हणतात, ती घराण्यात चालत येऊ शकते, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे. बुद्धीशी तिचा संबंध नाही. पण तिसरीतल्या मुलाला घाईने हे लेबल लावू नका. चार-सहा महिने पायरीप्रमाणे नियमित काम करूनही तीच-ती अक्षरं रोज नव्याने विसरत असेल, तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा, ते पुढे रुग्णालयातल्या तपासणीची वाट दाखवतील.

तर आज रात्री उतारा, कागद, पेन्सिल आणि ४२ वजा १७. उद्या कॅलेंडर भिंतीवर लावून एकेक डोळा. आणि जमलं तर मला एवढं कळवा: अडखळलेल्या शब्दांत रफार किती, वेलांटी किती, जोडाक्षरं किती, आणि वजाबाकीचं उत्तर पस्तीस आलं की आणखी काही. पस्तीस आलं असेल तर काम सोपं आहे. एकोणसाठ आलं तर त्याने बेरीज केलीय, मग आधी चिन्ह दिसतंय का ते बघा.